विरळ हवेत वाढणारी मुले

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच वर्षांखालील मुलांच्या वाढीचे प्रमाण तक्ते प्रसिद्ध केले. आपल्या अंगणवाड्यांत मुलाचे वजन-उंची घेऊन ज्या रेषांशी ताडून पाहतात त्या याच तक्त्यांतल्या. त्यासाठी पेलोतास, आक्रा, दिल्ली, ऑस्लो, मस्कत आणि डेव्हिस या सहा ठिकाणची सुमारे साडेआठ हजार मुले मोजली गेली. पोटभर खाणारी, आईचे दूध मिळालेली, बऱ्या घरांतली मुले निवडायची, म्हणजे मूल कसे वाढू शकते हे कळेल, अशी त्यामागची भूमिका होती. ठिकाणे निवडताना आणखी एक अट होती: जागा समुद्रसपाटीपासून १५०० मीटरच्या आतली हवी.

महाराष्ट्रात ही अट कोणाच्या लक्षातही येणार नाही. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर, आणि तिथे कोणी घर करून राहत नाही. पण लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, स्पितीतले काझा त्याहून थोडे वर, आणि लडाखच्या चांगथांगमधल्या पशुपालकांची वस्ती ४००० मीटरच्याही पुढे. बोलिव्हियाचे ला पास, पेरूच्या अँडीजमधली गावे, तिबेटचे पठार, इथिओपियाचा डोंगराळ भाग या सगळीकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहतात आणि तिथली मुले या तक्त्यावर बहुधा बुटकी भरतात. ती विरळ हवेमुळे बुटकी राहतात की अपुऱ्या अन्नामुळे, हा वाद साठ वर्षे चालू आहे. तो कुठवर आला आहे, हे इथे पाहायचे आहे.

वादाची मुळे

उंचावरच्या बाळांची चिंता जुनी आहे. पोतोसी हे चांदीच्या खाणींचे शहर स्पॅनिशांनी १५४५ साली सुमारे ४००० मीटरवर वसवले. आंतोनियो दे ला कालांचा या धर्मगुरूने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे की तिथे स्पॅनिश आईबापांची बाळे जन्मतः किंवा पंधरवड्याच्या आत दगावत, आणि शहर वसल्यानंतर ५३ वर्षांनी पहिले मूल जगले. स्थानिक बायकांची मुले मात्र त्याच थंडीत, त्याच हवेत वाढत होती. आख्यायिकेचा भाग वगळला तरी नवागत आणि मूळ रहिवासी यांच्यातला हा फरक पुढच्या सगळ्या संशोधनात डोकावत राहतो.

विसाव्या शतकात ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट पेरूतल्या सेर्रो दे पास्कोला जाऊन आला आणि उंचावर राहणारा माणूस शरीराने व बुद्धीने उणाच राहतो, असे त्याने म्हटले. पेरूच्या कार्लोस मोंगे यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. अँडीजचा माणूस तिथल्या हवेसाठीच घडलेला आहे, अशी बाजू त्यांनी आणि पुढे अल्बेर्तो उर्तादो यांनी मांडली. हा सारा खल प्रौढांविषयी होता. मुले मोजायला पद्धतशीर सुरुवात झाली ती १९६० च्या दशकात, पेरूतल्या नुन्योआ या गावी.

नुन्योआ

नुन्योआ पुनो प्रांतात, सुमारे ४००० मीटरवर आहे. या उंचीवर हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच, २१ टक्के, असते. पण हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्क्यांवर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. झाडे नाहीत, वर्षभर रात्री कडाक्याची थंडी. बटाटा, किन्वा व कान्यिवा ही धान्ये आणि अल्पाका-मेंढ्यांचे कळप यांवर केचुआ कुटुंबांचा निर्वाह. कडू बटाटे रात्री उघड्यावर गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि वाळवून साठवायचे. त्याला चुन्यो म्हणतात. टंचाईचे महिने याच चुन्योवर निघतात.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे पॉल बेकर यांच्या गटाने इथे अनेक वर्षे काम केले. त्या गटातले रोबेर्तो फ्रिसांचो यांनी बेकर यांच्यासोबत १९७० साली प्रसिद्ध केलेला लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांना असे दिसले: मुलांची उंची सावकाश वाढते; वयात येताना जी झपाट्याची वाढ होते ती इथे उशिरा आणि मंद होते; वाढ मात्र विशीच्या पुढेही चालू राहते; आणि उंचीच्या मानाने छाती मोठी असते. फ्रिसांचो यांचा अर्थ असा की प्राणवायू कमी पडणारे शरीर आपली वाढ फुप्फुसे आणि छातीकडे वळवते, हाडांची लांबी मागे पडते. सखल भागातून लहानपणीच वर आलेल्या माणसांची प्राणवायू वापरण्याची क्षमता स्थानिकांच्या बरोबरीची होते आणि प्रौढपणी आलेल्यांची होत नाही, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे जे घडते ते वाढीच्या वयात घडते. हा मुद्दा पुढच्या टीकेतूनही टिकला.

अन्नाची बाजू

पहिला धक्का इथिओपियातून आला. क्लेग, पॉसन आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली सिमियन डोंगरातली सुमारे ३००० मीटरवरची मुले १५०० मीटरवरच्या मुलांशी ताडून पाहिली, तर वरची मुलेच अंगाने मोठी निघाली. खाली हिवताप आणि इतर आजार होते, वर हवा निरोगी होती. उंचीचा परिणाम इतर गोष्टींखाली सहज झाकला जाऊ शकतो, हे यातून उघड झाले. पॉसन यांनीच पुढे नेपाळमधल्या शेर्पा आणि तिबेटी मुलांत सावकाश वाढ पाहिली, पण अँडीजसारखी भरदार छाती तिथे आढळली नाही. सिंथिया बील यांनी १९८२ साली हा फरक नीट मांडला. दिल्ली विद्यापीठाच्या मलिक आणि सिंग यांनी १९७८ मध्ये लडाखच्या बोद समाजातल्या मुलांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय हिमालयातल्या अशा कामांत तो अग्रणी ठरतो.

दुसरा धक्का बोलिव्हियातला. सारा स्टिन्सन यांनी ला पासमधल्या सधन घरांतली मुले मोजली. ती सखल भागातल्या आपल्यासारख्याच मुलांपेक्षा किंचित बुटकी भरली, पण नुन्योआतल्या तुटीच्या मानाने हा फरक फारच थोडा होता. तिसरा धक्का खुद्द नुन्योआत बसला. विल्यम लेनर्ड आणि सहकारी तिथे १९८० च्या दशकात पुन्हा गेले आणि मुलांची वाढ घरच्या परिस्थितीशी व खाण्याशी किती जोडलेली आहे हे त्यांनी दाखवले. पुढे पॉसन आणि लुइस उइचो यांनी तिंताया या खाणवसाहतीतली मुले आणि शेजारच्याच गरीब वस्तीतली मुले तपासली. दोन्ही जागा ४००० मीटरच्या आसपास. कंपनीची पक्की घरे, नळाचे पाणी, दवाखाना आणि ठरलेला पगार असलेल्या वसाहतीतली मुले स्पष्टपणे उंच आणि वजनदार होती. नुन्योआत मात्र १९६४ ते १९९९ या काळात खुजेपणा जवळपास हटलाच नाही, हेही याच दोघांनी नोंदवले. तिंताया आणि शेजारची वस्ती यांत हवा सारखीच विरळ असताना हा फरक पडतो, हा अन्नाच्या बाजूचा मला सर्वांत बळकट वाटणारा पुरावा आहे.

तिबेट: वयाचा गुंता आणि वेळेचा पुरावा

२००१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नॅन्सी हॅरिस आणि सहकाऱ्यांचा तिबेटी मुलांचा अभ्यास आला. सात वर्षांपर्यंतची २०७८ मुले. त्यांतली निम्म्याहून थोडी अधिक खुजी होती आणि दोन तृतीयांश मुलांत मुडदुसाची लक्षणे होती. एवढ्या लखलखीत उन्हाच्या प्रदेशात मुडदूस असल्याचे आश्चर्य वाटते, पण थंडीमुळे तान्ही मुले कपड्यांत गुंडाळून घरात ठेवली जातात आणि आहारात कॅल्शियम तुटपुंजे असते, हे लक्षात घेतले म्हणजे उलगडा होतो. शहर की खेडे हे हिशेबात धरल्यावर खुजेपणाचा गावाच्या उंचीशी संबंध उरला नाही आणि दोष कुपोषणाकडे जातो, असा या गटाचा निष्कर्ष होता.

या अभ्यासातली एक गोष्ट निष्कर्षाहूनही महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तूट कोणत्या वयात पडते. प्रमाण तक्त्याच्या मध्यापासूनची सरासरी तूट पहिल्या वर्षातच अर्ध्या एककावरून (एक एकक म्हणजे एक प्रमाण विचलन) १.६ एककांवर गेली आणि त्याहून मोठ्या मुलांत साधारण २ ते २.४ एकके होती. उणे दोनच्या खाली खुजेपणा धरतात. म्हणजे दुधावरून वरच्या अन्नावर येण्याच्या आणि जुलाब-खोकल्याच्या वयात मूल घसरते. बाळाभोवतीची हवा जन्मापासून एकसारखीच विरळ असते. एवढी घसरण नेमकी त्याच काळात व्हावी, याचे उत्तर हवेपेक्षा ताटात शोधणे सयुक्तिक आहे.

यावर आक्षेपही आहेत. शाओनोंग दांग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तिबेटमधल्याच तीन वर्षांखालील मुलांच्या पाहणीतून इतर घटक वजा केल्यावरही उंचीचा स्वतंत्र परिणाम उरतो, असे सांगितले. दोन्ही पाहण्या एकाच पठारावरच्या, उत्तरे मात्र वेगवेगळी. त्यामागे मोजणीच्या अडचणी बऱ्याच आहेत. दोन वर्षांखालचे मूल आडवे निजवून मोजावे लागते: एकाने डोके पाटीच्या टोकाला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून टाचा सरळ करायच्या आणि सरकती पट्टी तळव्यांना लावायची. मूल रडते, पाय आखडते, आणि एखाद्या सेंटीमीटरची चूक सहज होते. त्याहून मोठा घोटाळा वयाचा. तिबेटी रिवाजात मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात आणि दर लोसरला, म्हणजे नव्या वर्षाला, एक वर्ष वाढवतात. लोसरच्या थोडे आधी जन्मलेले बाळ काही आठवड्यांतच ‘दोन वर्षांचे’ होते. जन्मसाल बारा प्राण्यांच्या चक्रातून, जन्ममहिना पेरणी-कापणीच्या आठवणीतून काढून हे सावरावे लागते. त्यात कसूर झाली तर धडधाकट मूलही कागदावर खुजे ठरते.

गर्भातली वाढ

अन्नाची बाजू भक्कम होत असताना हवेची बाजू वेगळ्याच ठिकाणी सिद्ध झाली: आईच्या पोटात. कोलोरॅडोतले लेडव्हिल सुमारे ३१०० मीटरवर आहे. तिथली बाळे कमी वजनाची जन्मतात, असे लिच्टी आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवले होते. ही बाळे अपुऱ्या दिवसांची नव्हती. पूर्ण दिवस भरूनही लहान होती. लोर्ना मूर यांच्या दीर्घ अभ्यासातून ठोकताळा मिळाला की दर १००० मीटरमागे जन्मवजन सुमारे १०० ग्रॅमने घटते. बोलिव्हियात सधन कुटुंबांतही ला पासची बाळे सखल सांता क्रूसच्या बाळांपेक्षा लहान भरली. इथे गरिबीचे स्पष्टीकरण पुरत नाही.

मूर यांच्या कामातून दुसरी गोष्टही कळली. सर्वांची घट सारखी नसते. हजारो वर्षे उंचावर असलेल्या तिबेटी आणि अँडीजच्या स्त्रियांच्या बाळांचे वजन कमी घटते. नुकत्याच आलेल्या युरोपीय आणि हान चिनी स्त्रियांच्या बाळांचे जास्त. गर्भाशयाकडे जाणारा रक्तपुरवठा या जुन्या समाजांत अधिक चांगला टिकतो. अँडीजच्या स्त्रियांत पीआरकेएए१ या जनुकाचा जन्मवजनाशी आणि गर्भाशयाच्या धमनीच्या रुंदीशी संबंध २०१४ साली आढळला. तिबेटी लोकांतल्या ईपीएएस१ या जनुकाचा खास प्रकार २०१० साली गाजला. त्यामुळे त्यांचे हिमोग्लोबिन उंचीच्या मानाने फार वाढत नाही. पण जन्मानंतरच्या उंचीवर या जनुकांचा किती परिणाम होतो, हे मात्र त्यातून कळलेले नाही.

लडाखबद्दल अँड्रिया वायली यांचे काम वाचलेच पाहिजे. लेहच्या रुग्णालयातल्या जन्मनोंदी आणि आसपासच्या गावांतला वावर यांतून त्यांनी २००४ साली पुस्तक लिहिले. लडाखची बाळे तिबेटच्या बाळांपेक्षाही लहान जन्मतात आणि त्यामागे उंचीसोबत बायकांचे काम आहे, असे त्या दाखवतात. शेतीचा हंगाम उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत उरकावा लागतो. पाणी फिरवणे, खुरपणी, कापणी, पेंढ्यांचे भारे यांतून गरोदर बाईचीही सुटका नसते. हवा आणि अन्न यांच्याबरोबर श्रम हा तिसरा धागा त्यांनी आणला, आणि पुढच्या मोठ्या आकडेवारीत नेमका तोच हरवला.

कोणते हाड मागे राहते

अलीकडचे एक दालन शरीराच्या प्रमाणांचे आहे. एमा पोमेरॉय यांनी पेरूतल्या आयाकुचो भागातल्या डोंगराळ गावांतली आणि लिमाच्या झोपडवस्तीतली मुले मोजली. डोंगरातल्या मुलांत सगळे शरीर सारख्या प्रमाणात लहान नव्हते. कोपराखालचा हात आणि गुडघ्याखालचा पाय अधिक आखूड होते. नेपाळमधल्या तिबेटी वंशाच्या लोकांतही उंचावर राहणाऱ्यांचा कोपराखालचा हात आखूड असल्याचे २०१८ साली दिसले. दंड आणि पंजा मात्र फारसा आखडलेला नव्हता. जिथे कमी करणे परवडते तिथे शरीर कमी करते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण हवा की अन्न हे यावरून ठरत नाही, कारण उपाशी शरीरही असाच हिशेब करते.

मोठे आकडे

२०२० साली कालेआब बाये आणि कल्ले हिर्वोनेन यांनी ५९ देशांतल्या पाहण्यांमधली ९,६४,२९९ मुलांची उंची एकत्र केली. गरिबी, आईचे शिक्षण वगैरे घटक वजा करून दर १००० मीटरमागे उंचीचा गुणांक ०.१६३ एककाने घटतो, असे त्यांना आढळले. सर्व दृष्टींनी उत्तम घरांतली मुलेही जागतिक तक्त्याच्या मध्याबरोबर फक्त ५०० मीटरच्या आतच चालतात, त्यावर नाही. म्हणजे हा परिणाम फक्त लेह-ला पासचा नाही, तो मध्यम उंचीवरही हळूहळू सुरू होतो. भारतापुरता असाच अभ्यास २०२४ मध्ये आला. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतल्या दीड लाखाहून अधिक मुलांवरून, २००० मीटर आणि वर राहणाऱ्या मुलांत खुजेपणाचा धोका १००० मीटरच्या आसपासच्या मुलांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त, असे त्यात आढळले. पण त्या नमुन्यात २००० मीटरवरची मुले अगदीच मूठभर होती.

०.१६३ म्हणजे किती? दोन वर्षांच्या मुलग्याची मध्य उंची सुमारे ८७ सेंटीमीटर, खुजेपणाची रेषा ८१. एक एकक म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर. तेव्हा दर १००० मीटरला अर्धा सेंटीमीटर, आणि हीच चाल ४००० मीटरपर्यंत धरली तर दोन सेंटीमीटर. हॅरिस यांच्या मुलांची त्याच वयानंतरची सरासरी तूट सहा-सात सेंटीमीटरच्या घरात होती. हा ढोबळ हिशेब आहे, दोन वेगळ्या अभ्यासांची सांगड आहे. तरी वादाचे आजचे माप त्यातून कळते. हवेचा वाटा खरा आहे, आणि तो लहान आहे.

मोजपट्टी बदलावी का?

यातून धोरणाचा प्रश्न निघतो. हिमोग्लोबिनसाठी गावाच्या उंचीनुसार दुरुस्ती कधीपासून केली जाते. मग मुलाच्या उंचीसाठी का नको? दुरुस्तीच्या बाजूचे म्हणतात की सध्याच्या तक्त्याने उंचावरची काही निरोगी मुले विनाकारण खुजी ठरतात, जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना चुकते, आणि चांगले काम करूनही डोंगरी भाग मागासच दिसतो. विरोधकांचे म्हणणे असे की रेषा खाली आणली की खरोखर उपाशी असलेली मुले कागदावरून नाहीशी होतील आणि त्यांचा पोषण आहार, तपासणी, निधी सगळे आटेल. हिमोग्लोबिनच्या दुरुस्तीवरूनही पेरूत दीर्घ वाद झाला. ती दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त मुलांना पांडुरोगी ठरवते, असा तिथल्या संशोधकांचा दावा होता. पाच वर्षांनंतरच्या मुलांसाठी आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यासाठीची आकडेवारी पुणे, मुंबई, चंदीगड, आगरतळा अशा शहरांतून आली; लेहसारखे उंचावरचे ठिकाण त्यात नाही. देशाचा तक्ता म्हणून ते चूक नाही, पण काझातल्या शाळकरी मुलीला तो लावताना हे ठाऊक असायला हवे.

मला दोन्ही बाजूंमध्ये एक वाट दिसते: रेषा तशीच ठेवावी, पण नोंदीत गावाची उंची लिहावी आणि एकाच मुलाची दर काही महिन्यांची वाटचाल पाहावी. एकदाच घेतलेल्या मापापेक्षा घसरण कधी सुरू झाली, हे अधिक बोलके असते.

जे अजून सुटलेले नाही

पेरूचा अनुभव आशादायक आहे. २००५ मध्ये तिथे हुंतोस योजना सुरू झाली: मुलांना तपासणीला आणणाऱ्या गरीब आयांच्या हाती रोख पैसे. त्यासोबत पाणी, लसीकरण आणि डोंगराळ जिल्ह्यांवर भर देणारे कार्यक्रम आले. २००८ च्या आसपास पाच वर्षांखालची २८ टक्के मुले खुजी होती, २०१६ मध्ये सुमारे १३ टक्के. अँडीजची उंची तसूभरही बदलली नव्हती. तरी डोंगराळ ग्रामीण भागाचा आकडा देशाच्या सरासरीच्या वरच राहिला. त्या उरलेल्या तुटीत हवा किती, थंडीत शरीर ऊब राखायला खर्च करते ती शक्ती किती, घरातला चुलीचा धूर किती, हे वेगळे काढणे अजून कोणाला जमलेले नाही.

जन्माची आणि नंतरची तूट यांचा सांधाही सैल आहे. उंचावर लहान जन्मलेले बाळ चांगल्या अन्नावर ती तूट भरून काढते की आयुष्यभर बाळगते? फ्रिसांचो यांच्या म्हणण्याप्रमाणे वाढ विशीच्या पुढेही लांबते, मग पाच वर्षांच्या वयात पाहिलेल्या खुजेपणापैकी किती नुसता उशीर आहे? पाहण्या बहुतेक पाच वर्षांखालीच थांबतात, त्यामुळे वयात येण्याचा काळ आजही सर्वांत कमी मोजलेला आहे. आणि हवेमुळे दोन सेंटीमीटर बुटके राहिलेले मूल पुढे आजाराला, शाळेत मागे पडण्याला तितकेच सामोरे जाते का, जितके भुकेने बुटके राहिलेले? खुजेपणाचे धोके आपण सखल भागातल्या मुलांवरून शिकलो आहोत. तेच उंचावर लागू पडतात, हे आतापर्यंत गृहीतच धरलेले आहे. त्याचे उत्तर मिळायचे तर आईच्या गरोदरपणापासून विशीपर्यंत तीच मुले पुन्हा पुन्हा मोजावी लागतील. लडाखमध्ये त्याची निकड अधिक आहे, कारण चांगथांगमधली पशुपालक कुटुंबे लेहच्या आसपास येऊन राहू लागली आहेत आणि एकाच घरातले थोरले मूल ४५०० मीटरवर, तर धाकटे ३५०० मीटरवर वाढते आहे.